शुश्रूषा सुनेची, घर मुलाच्या नावावर

मीरा-भाईंदर शहर आता म्हातारे होऊ लागले आहे, असे म्हटले की लोक हसतात. १९८५ साली नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या शहराला म्हातारे कसे म्हणायचे? जिकडे पाहावे तिकडे टॉवर उभे राहत आहेत. पण शहराचे वय टॉवरवरून मोजायचे नसते, त्यात राहणाऱ्या माणसांवरून मोजायचे असते. २००१ च्या जनगणनेत येथे ५ लाख २० हजार लोक होते, २०११ मध्ये ते ८ लाख ९ हजारांवर गेले. हे लोक आभाळातून पडले नाहीत. १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मुंबईच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून, कोणी फंडाचे पैसे घेऊन तर कोणी बायकोचे डोरले मोडून येथे आले आणि वन रूम किचनचे मालक झाले. त्यात आपली बौद्ध कुटुंबेही होती. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेले हे लोक आज सत्तरीच्या घरात आहेत. एकाच वेळी आलेली पिढी एकाच वेळी थकली आहे, आणि ती राहते त्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही.

या माणसांना दवाखान्यात न्यायचे तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवावे लागते. त्याला शेजारची पोरे हात लावतात, हे खरे. पण सकाळी अंथरुणातून उठवणे, अंग पुसणे, डायपर बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोनदा कूस बदलून देणे, साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, ही कामे करणारी व्यक्ती घरोघरी बहुधा एकच असते. तिचे वय पंचेचाळीस ते पंचावन्न असते आणि ती त्या घरची सून असते. तिची स्वतःची आई गावी एकटी असते. तिची मुलगी बाळंतपणाला आलेली असते. तिच्या स्वतःच्या पाळी जाण्याचे हे वय. रात्री घाम येऊन जाग येते, गुडघे धरतात, उगाच रडू येते. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या तिला पाठ असतात आणि स्वतःची गोळी ती विसरते. आपल्या विहारांत अत्त दीप भव या विषयावर किती तरी प्रवचने होतात, परंतु पाळी जाण्याच्या वयात बाईच्या शरीराचे आणि मनाचे काय होते यावर आम्ही आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही.

यातल्या कितीतरी भगिनी मीरा रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये पेशंट सांभाळायला जातात. ब्युरोमार्फत बारा तासांची ड्युटी असते, पगारातून ब्युरो आपले कमिशन कापून घेतो. परक्याच्या म्हाताऱ्याला भरवणे, पुसणे, फिरवणे याला तेथे काम म्हणतात, त्याचा दर ठरलेला असतो. तीच बाई रात्री घरी येऊन सासूचे तेच सगळे करते, तेव्हा त्याला कर्तव्य म्हणतात. काम तेच, हात तेच. टॉवरमध्ये त्याची किंमत होते आणि आपल्या घरात होत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात गेल्याचे दिसले, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. माणसांची काळजी घेण्यात स्त्रीची १३७ मिनिटे आणि पुरुषाची ७५. म्हणजे या कामाचा हिशेब आता सरकारच्या दप्तरी आहे. घरच्या दप्तरी मात्र नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. "मॅडम, सासूला सांभाळायला कायद्याने मीच बांधील आहे का?" हा प्रश्न आम्हाला अनेक भगिनींनी विचारला आहे. उत्तर आहे, नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा महाराष्ट्रात मार्च २००९ पासून लागू आहे. त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. सुनेचे नाव त्यात नाही. सून आणि जावई यांनाही त्यात ओढणारे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत आले होते, ते मंजूर झाले नाही. मुलीची जबाबदारी तर त्याही आधीपासून आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीवर तिच्या वडिलांनी पोटगीचा दावा केला होता. त्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलगीही आई-वडिलांना पोसायला बांधील आहे, असा निकाल दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्माचा हक्क महाराष्ट्रात मिळाला १९९४ साली, तोही आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. कर्तव्य आधी आले आणि हक्क नंतर. बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल जसेच्या तसे मंजूर झाले असते तर ही वेळ आली नसती.

थोडक्यात, कायद्याने बांधील आहे तो मुलगा आणि राबते ती सून. ठीक आहे, राबते तर तिला त्या घरात काही मिळते का? १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. सासरा मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुले, मुली, आई वगैरे. सून त्यात आहे, पण कोणती? ज्या मुलाचा आधीच मृत्यू झाला आहे त्याची विधवा. नवरा जिवंत असेल तर सून कोणीच नाही. आणि घर सासूच्या नावावर असेल तर तिच्या पहिल्या वारसांत विधवा सुनेलाही जागा नाही. राज्याच्या मुद्रांक कायद्यातही तसेच आहे. राहते घर नाममात्र शुल्कात बक्षीस देता येते अशा नातेवाइकांत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत आणि मयत मुलाची पत्नी आहे. जिवंत मुलाची पत्नी नाही! सुनेने कायद्याच्या नजरेत यायचे तर आधी कपाळ पांढरे व्हावे लागते. वीस वर्षे शुश्रूषा केलेली सून सासूच्या निधनानंतर त्याच घरात नवऱ्याच्या मर्जीवर राहते. नणंदेचा वाटा असतो, दिराचा असतो, वर्षातून एकदा गावाहून येणाऱ्याचाही असतो.

आणखी एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे. मुलाचे आणि सुनेचे पटत नाही, मुलगा वेगळा राहतो आणि मग सुनेला घराबाहेर काढायला सासू-सासऱ्यांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक कायद्याचा अर्ज केला जातो. १५ डिसेंबर २०२० रोजी एस. वनिता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुनेचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा निवासाचा हक्क या अर्जाने पुसून टाकता येत नाही. हा निकाल प्रत्येक महिला मंडळाने लक्षात ठेवावा.

न्यायालये बाईच्या कामाची किंमत काढतच नाहीत असे मात्र नाही. काढतात, पण ती मेल्यावर! लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आगीत मरण पावलेल्या गृहिणींच्या सेवेचे मोल वर्षाला ३६ हजार धरले, आणि साठी ओलांडलेल्या स्त्रियांचे २० हजार. वय वाढले तशी किंमत घटली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात गृहिणीचे काम हे खरेखुरे आर्थिक योगदान आहे, असे न्यायालयाने अधिक ठामपणे सांगितले. तोही रस्त्यावरच्या अपघाताचा खटला होता. जिवंतपणी हा हिशेब मांडण्याची सोय कोठे आहे?

ती सोय आम्हाला सापडली ती विनयपिटकात. महावग्गातला प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत लोळत होता. कोणी विचारत नव्हते. तथागत आणि आनंद तेथे आले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले. नंतर भिक्खूंना बोलावून भगवंतांनी समज दिली की, येथे तुमची काळजी घ्यायला ना आई आहे ना बाप, तेव्हा तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे. प्रवचनात ही गोष्ट येथे संपते. करुणेचे वर्णन होते, साधुकार होतो आणि घरी गेल्यावर म्हातारीची चादर सूनच बदलते. अहो, त्या गोष्टीत सून नव्हती! घाण धुणारे दोघेही पुरुष होते, आणि त्यातले एक सम्यक संबुद्ध होते. शुश्रूषा करणारा कसा असावा याचे गुणही तेथेच दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, मलमूत्राची आणि ओकारीची त्याला किळस नसावी, लोभापायी नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी. म्हणजे शुश्रूषा ही शिकायची विद्या आहे, ती कोणी जन्मतः घेऊन येत नाही.

आणि पुढचा भाग तर प्रवचनांत आम्ही कधी ऐकलाच नाही. भिक्खू मरण पावला तर त्याच्या वस्तूंचा मालक संघ, हा नियम. पण त्याच ठिकाणी भगवंतांनी अनुज्ञा दिली आहे की, मृताचे चीवर आणि पात्र संघाने त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत. भिक्खूजवळ चीवर आणि पात्राखेरीज मोलाचे असते तरी काय? त्याची सारी इस्टेटच ती. शुश्रूषा करणारा नुसता श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा द्यावा, असेही सांगितले आहे. वकील या नात्याने आम्ही हे वाचले तेव्हा थक्क झालो. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाच्या घटनेत सेवा करणाऱ्याचा हक्क लिहिला गेला, रक्ताचे नाते न बघता, दर्जा न बघता. आपण मात्र १९५६ साली दीक्षा घेऊनही चीवर-पात्राच्या बाबतीत मनूच्याच वाटेने चाललो आहोत.

काही बांधव म्हणतील, प्रेमाला पैशात मोजता काय? हा प्रश्न विचारणाऱ्या एकाही गृहस्थाला आम्ही आईचे डायपर बदलताना पाहिलेले नाही. शिवाय मैत्रीभावाने सेवा करावी असे सांगणाऱ्या भगवंतांनीच चीवर-पात्र द्यायला सांगितले. त्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही.

येथे एक कडू विषय काढणे भाग आहे. दरवर्षी ७ फेब्रुवारीला आणि २७ मे रोजी आपण माता रमाईंचे स्मरण करतो. वक्ते त्यांच्या कष्टांचे वर्णन करतात, डोळे ओले होतात. पण हे सांगितले जात नाही की १९३५ साली रमाई गेल्या तेव्हा त्यांचे वय चाळीससुद्धा नव्हते. मध्यमवय कसे असते ते त्यांना पाहायलाच मिळाले नाही. त्या कष्टाने त्यांचा जीव घेतला. आजच्या सुनेपुढे तोच कष्ट आदर्श म्हणून ठेवणे ही रमाईंशी कृतज्ञता नव्हे.

दुसरीकडे डॉ. सविता आंबेडकर, माईसाहेब. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी बाबासाहेबांशी विवाह केला तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या, स्वतः डॉक्टर होत्या. आपला व्यवसाय बाजूला ठेवून त्यांनी पुढची साडेआठ वर्षे मधुमेह आणि संधिवाताने पोखरलेल्या बाबासाहेबांचे पथ्य, औषध, इंजेक्शन सांभाळले. त्या काळात देशाची घटना लिहिली गेली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला गेला, नागपूरची धम्मदीक्षा झाली. आणि ६ डिसेंबर १९५६ नंतर आपल्यातल्याच लोकांनी त्यांच्यावर संशय घेतला. त्या जन्माने ब्राह्मण, हे संशयाला पुरेसे झाले. सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न झाले, तरी कुजबुज थांबली नाही. बाबासाहेबांनी आपल्या त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पत्नीने आणि डॉ. मालवणकरांनी आपले आयुष्य वाढवले याची नोंद केली होती. ग्रंथ १९५७ साली निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. शुश्रूषा करणारीला मिळालेली पोचपावतीच गहाळ झाली! माईसाहेब अनेक वर्षे दिल्लीत एकाकी राहिल्या. सत्तरच्या दशकात दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा समाजात आणले. १९९० साली बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनी स्वीकारले आणि २९ मे २००३ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. माईसाहेबांच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो. पण ज्या बाईने रुग्णाची सेवा केली तिलाच रुग्णाच्या मृत्यूबद्दल जाब विचारायचा, ही खोड आपल्या घराघरांत अजून आहे. म्हातारी गेली की पहिला प्रश्न असतो, "सुनेने नीट बघितले ना?" मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मध्यमवयात बाईने स्वतःसाठी काही करावे, हा विषय आपल्याकडे चैनीचा मानला जातो. तो चैनीचा नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले ते संसार आणि दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवून. ती पाने कितीतरी वर्षे लपलेली राहिली आणि पुस्तक निघाले १९८६ साली. एका लेखिकेला आपल्याच घरात वही लपवावी लागते, याची लाज आपल्याला वाटायला हवी. थेरीगाथेतली बहुपुत्तिका सोणा ही दहा मुलांची आई. अट्ठकथा सांगते की, नवरा प्रव्रजित झाल्यावर तिने सारी मिळकत मुलांत वाटून दिली, मग मुले आणि सुना तिला विचारीनात. तेव्हा म्हातारपणी ती भिक्खुणी झाली, रात्र-रात्र खांबाला धरून उभी राहत साधना करीत राहिली आणि उद्योगी भिक्खुणींत अग्र ठरली. सोणाला संघाचे दार उघडे होते. आपल्या वस्तीतल्या भगिनीला दहा दिवसांच्या उपासिका शिबिराला जायचे असते, मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पुरी करायची असते, आणि ती अडते एकाच प्रश्नाशी: त्या दिवसांत सासूजवळ कोण बसणार?

हा प्रश्न विहाराचा आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाची पाळी लावता येते, भोजनदानाची पाळी लावता येते, तर रुग्णाजवळ बसण्याची पाळी का लावता येत नाही? त्यात पुरुषांची नावे आधी लिहावीत. महानगरपालिकेकडे घरी येणारी परिचारिका आणि वृद्धांसाठी दिवसाची सोय मागितली पाहिजे. त्यासाठी निवडणुकीची वाट बघायचे कारण नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हा भार काही अंशी सरकारनेही उचलावा, अशी भूमिका घेतली होती. बाळंतिणीला लागू असलेला तो न्याय म्हातारीला आणि तिला सांभाळणारीलाही लागू आहे. ज्यांची मुले खरोखरच बघत नाहीत त्यांच्यासाठी निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करता येतो. महिन्याला १० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि म्हाताऱ्या माणसाने अधिकार दिला तर त्याच्या वतीने संस्थाही अर्ज करू शकते. महिला मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे.

परंतु सर्वांत सोपी गोष्ट कायदा बदलण्याची वाट न बघता आजच करता येते, ती म्हणजे मृत्युपत्र. स्वतःच्या कमाईचे घर माणूस मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, सुनेलाही. सगळे नाही तर एक हिस्सा, किंवा हयातीपर्यंत तेथे राहण्याचा हक्क. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, कोरा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असेच घ्यावेत. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणजे काम झाले असे समजू नये, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हयातीत मात्र घर कोणाच्याही नावावर करून मोकळे होऊ नये, मुलाच्याही नाही आणि सुनेच्याही नाही. सोणाचे काय झाले ते वर सांगितले आहे. आणि हे सगळे माणूस शुद्धीवर असताना, स्मरण शाबूत असताना करायचे असते. विस्मरणाचा आजार सुरू झाल्यावर घेतलेल्या अंगठ्यावरून पुढे भाऊ-बहिणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

येत्या आषाढ पौर्णिमेपासून दर रविवारी सायंकाळी आम्ही काही वकील मंडळी भाईंदर पूर्व आणि मीरा रोडच्या विहारांत आळीपाळीने बसणार आहोत. फी नाही. येताना घराच्या करारनाम्याची आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, आधार कार्ड आणि घरातल्या वयस्कर माणसाला सोबत आणावे. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांचा मजला आणि खोली क्रमांक विहारात लिहून ठेवावा, आम्ही वर येऊ.